कठीण गणितांचा गट

पहिल्या सेमिस्टरचा निकाल लागला आणि विभागाने 'जादा तासांसाठी विद्यार्थी' अशी यादी फलकावर लावली. त्यात माझं नाव होतं. हेतू चांगलाच होता, पण त्या तासांना शाळेतलं बीजगणित पुन्हा गिरवायचं. शिकवणाऱ्या मॅडम जीव तोडून शिकवायच्या. तरी तिथे बसलं की आपण चुकून इथे आलोय ही शंका आणखी पक्की व्हायची. स्वागत समारंभ झाला, ओळखपत्र मिळालं; पण लेक्चर संपल्यावर कुणाबरोबर बाहेर पडायचं, हे काही कुणी सांगत नाही.

शेवटी कॉलेज सोडण्याचा अर्ज कसा करतात हे विचारायला मी समुपदेशकांकडे गेले. उपदेश ऐकायची तयारी ठेवूनच गेले होते. त्यांनी अर्जाची मुदत सांगितली, मध्ये खंड घेऊन परत येता येतं तेही सांगितलं. मग विचारलं, "गणितं कुणाबरोबर सोडवतेस?"

कुणाबरोबर म्हणजे? अभ्यास एकट्यानेच करायचा असतो ना!

त्यांनी अमेरिकेतल्या बर्कले विद्यापीठाचं उदाहरण दिलं. १९७०च्या दशकात तिथे गणिताचे अभ्यासक उरी ट्राइझमन यांनी कॅल्क्युलसमध्ये मागे पडणाऱ्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचा अभ्यास केला. मेहनतीत ते कुठेच कमी नव्हते, पण बहुतेक जण एकेकटे अभ्यास करत. चिनी वंशाची मुलं मात्र एकत्र बसून एकमेकांची उत्तरं तपासत. ट्राइझमन यांनी उजळणी वर्ग काढले नाहीत. त्यांनी गट बसवले आणि मुद्दाम कठीण गणितं दिली. निकाल सुधारले.

आमच्याकडेही सीनियर मुलांचा असा एक गट होता. पहिले काही दिवस मी नुसती उतरवून घेत होते. मग एकदा एक गणित सगळ्यांचंच अडलं, आणि फळ्यापाशी उभा असलेला मुलगा वैतागून माझ्याकडे वळला, "तू सांग ना काहीतरी, गप्प का?" माझी पायरी अर्धीच बरोबर निघाली. त्यावर वाद मात्र तासभर चालला. एवढी खूश मी त्या वर्षात कधी झाले नव्हते. सोडण्याचा अर्ज भरायचा राहिला तो राहिलाच.

आता तो गट मी चालवते. यंदा विभागाने जादा तासांची यादीच सरळ गटाला जोडायचं ठरवलं होतं. मी नको म्हटलं: पहिला आलेलाही इथे बसू दे, अडू दे. सरांनी कुरकुरत एका सेमिस्टरपुरतं मान्य केलंय.