कळशी उचलणारी बाई: आधी हाताने, मग ब्लेंडरमध्ये

मला एकच हालचाल करायची होती. बाई वाकते, भरलेली कळशी उचलते, कमरेवर घेते. आधी मातीच्या बाहुलीकडून (तिला थोडंथोडं हलवत एकेक फोटो काढून, म्हणजे स्टॉप-मोशनने), मग तीच बाहुली संगणकात, ब्लेंडर या थ्रीडी ॲनिमेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये नेऊन. दोन्ही केल्यावर छातीठोकपणे सांगते, हालचालीत वजन दाखवायला शिकायचं तर बाहुलीवरच शिकावं.

शाडू सुकला की सांध्यांवर चिरा पडतात, म्हणून न सुकणारी ऑइल क्ले घेतली. आतला सांगाडा ॲल्युमिनियमच्या पीळ दिलेल्या दुहेरी तारेचा. मांडी, पोटरी, दंड यांवर एम-सील चढवलं. गुडघे, घोटे, कोपरं मोकळी ठेवली. तळपायात नट बसवून फळीच्या खालून स्क्रू आवळला, नाहीतर वाकता वाकता बाहुली तोंडावर पडते.

खोलीत अंधार, अंगात काळे कपडे (फिकट कपड्यांवरून परतणाऱ्या उजेडाने चित्र लुकलुकतं), कॅमेरा पूर्ण मॅन्युअल. सेकंदाला २४ फ्रेम, प्रत्येक फोटो दोन फ्रेम टिकवायचा, म्हणजे १२ फोटो. दादासाहेब फाळक्यांनी असंच एकेक फ्रेम टिपून वाटाण्याचं रोप वाढताना दाखवलं होतं, तेही भांडवल उभं करण्यासाठी. फोटो काढताना त्यांची फार आठवण यायची.

खरी मजा उचलण्यात आहे. कळशी जमिनीवरून सुटण्याआधीच कंबर एका बाजूला जाते, खांदा खाली येतो आणि क्षणभर काहीच हलत नाही. मोकळा हात तोल सांभाळायला बाहेर फेकला जातो. मी स्वतः भरलेली कळशी पुन्हा पुन्हा उचलून हे तपासलं. तो थांबा काढून टाकला की कळशी रिकामी वाटते.

मग बाहुलीचे सगळ्या बाजूंनी, एकमेकांवर चढणारे फोटो काढून फोटोग्रामेट्रीने (फोटोंवरून त्रिमितीय आकार बनवण्याच्या तंत्राने) मॉडेल तयार केलं. मातीवरचे बोटांचे ठसे इथे कामाला आले. गुळगुळीत, चकचकीत पृष्ठभागावर सॉफ्टवेअरला खुणा सापडत नाहीत. मेश (मॉडेलच्या पृष्ठभागाची जाळी) अतोनात दाट आली, ती नव्याने, मोजक्या चौकोनांत बांधली. मॉडेल वाकवता यावं म्हणून आत संगणकातली हाडं घातली. वेट पेंटिंगला (कुठलं हाड कुठला भाग किती ओढेल हे ठरवण्याला) सर्वांत जास्त वेळ गेला, कारण कोपर वाकलं की बरगड्याही ओढल्या जायच्या.

दोन कीफ्रेम, म्हणजे हालचालीतल्या दोन ठरावीक पोझ, दिल्या की मधलं सगळं ब्लेंडर स्वतः भरतं, तेही इतकं गुळगुळीत की कळशी फुग्यासारखी वर आली. म्हणून इंटरपोलेशन (मधलं भरणं) ‘कॉन्स्टंट’ केलं, म्हणजे पुढची पोझ येईपर्यंत आधीची तशीच राहते, बाहुलीचे फोटो मागे लावले आणि दर दोन फ्रेमला पोझ हाताने दिली. थांबा परत आला, कळशी भरली.

पदर अजून बाकी आहे. कापडाचं सिम्युलेशन (संगणकाने स्वतः हिशेब करून हलवलेलं कापड) या दोन-दोन फ्रेमच्या ठोक्यात बसत नाही, ते फारच सळसळतं. बाहुलीच्या पदरात मी बारीक तार घातली होती. आता संगणकातल्या पदरालाही हाडंच घालणार आहे.