कूपर एसचं हेड: पोर्टिंग आणि फ्लो बेंच

1275 सीसीच्या मिनी कूपर एसला सिलिंडर चार, पण हेडमध्ये (सिलिंडरांवरच्या झाकणात) हवा आत नेणारे मार्ग, म्हणजे इनटेक पोर्ट, दोनच. हे मार्ग कोरून सुधारणं म्हणजे पोर्टिंग. 1 आणि 2 एका पोर्टवर, 3 आणि 4 दुसऱ्यावर. फायरिंग ऑर्डर 1-3-4-2, त्यामुळे एका पोर्टवरच्या दोन सिलिंडरांचे इनटेक क्रँकच्या 180 अंशांच्या फरकाने येतात. व्हॉल्व्ह उघडणारा कॅम 300 अंशांचा असेल तर शेजारचे दोन्ही व्हॉल्व्ह 120 अंश एकाच वेळी उघडे असतात, आणि नंतर उघडणारा सिलिंडर आधीच्याच्या तोंडचा घास पळवतो. फ्लो बेंचवर, म्हणजे ठराविक दाबाने हेडमधून जाणारी हवा मोजणाऱ्या यंत्रावर, आपण एका वेळी एकच व्हॉल्व्ह उघडून मोजतो, म्हणून ही पळवापळवी तिथे दिसत नाही. या हेडवर फुल लिफ्टच्या (व्हॉल्व्ह पूर्ण उघडल्यावरच्या) मोठ्या आकड्यामागे लागू नये, असं माझं ठाम मत आहे. मधल्या लिफ्टचा फ्लो आणि दोन्ही बाजूंची बरोबरी यांत खरी कमाई आहे.

बर (धातू कोरणारं फिरतं हत्यार) हातात घेण्याआधी क्रॅक टेस्ट करा. मूळ व्हॉल्व्ह 35.6 आणि 30.9 मिमीचे, दोन सीटांमधली (व्हॉल्व्ह बंद होताना टेकतात त्या कडांमधली) बिडाची पट्टी इतकी अरुंद राहते की भेग बहुतेक तिथेच जाते. डाय पेनिट्रंटने (भेगेत शिरणाऱ्या रंगाने) ती दिसते, पण पाण्याच्या जॅकेटसाठी गरम पाण्यात प्रेशर टेस्ट हवीच. साठ वर्षं जुन्या बिडातून काढलेला धातू परत भरता येत नाही.

पहिलं काम सीटचं. 45 अंशांची सीट, वर 30, खाली 60. इनटेकला रुंदी 1.2 मिमीच्या आसपास, एक्झॉस्टला 1.5 ते 2, कारण एक्झॉस्ट व्हॉल्व्हची बरीचशी उष्णता सीटमधूनच जाते. सीटखालचा घसा व्हॉल्व्हच्या 88 टक्के, म्हणजे इनटेकला साधारण 31.3 मिमी. मग गाइडभोवतीचा (व्हॉल्व्हची दांडी ज्या नळीत सरकते तिच्याभोवतीचा) उंचवटा सडपातळ करा. एक्झॉस्टचा गाइड मात्र आखूड करू नका.

सगळ्यात जास्त हेडं बिघडतात ती वळणाच्या आतल्या बाजूला. तिथला धातू काढला की वळण तीव्र होतं, हवा भिंत सोडते, बेंचवर फरफर आवाज येतो आणि मॅनोमीटरचं पाणी थरथरतं. तिथे फक्त कडा मोडून गोलाई द्यायची. रुंदी वरच्या आणि बाहेरच्या बाजूने घ्यायची. पुशरॉडची भोकं पोर्टच्या अगदी शेजारून जातात, म्हणून अल्ट्रासॉनिक गेजने जाडी बघत राहा. इनटेकला 80 ग्रिटची फिनिश पुरते. आरशासारखी चमक देऊन काही मिळत नाही.

आता मोजणी. हेडखाली 70.6 मिमी बोअरचाच अॅडॉप्टर लावा, नाहीतर ज्वलन चेंबरची आणि बोअरची भिंत व्हॉल्व्हला किती अडवते ते कळत नाही. पोर्टच्या तोंडाशी प्लास्टिसिनची गोल कड द्या. व्हॉल्व्ह बंद ठेवून गळती मोजा, ती प्रत्येक रीडिंगमधून वजा करा. हलक्या स्प्रिंगा, डायल गेज, आणि 1 मिमीच्या टप्प्यांनी लिफ्ट. दाब 28 इंच पाण्याचा. बेंच 10 इंचांवरच चालत असेल तर आकड्याला 1.67 ने गुणा.

नुसत्या सीएफएमवरून (मिनिटाला किती घनफूट हवा) फार कळत नाही. 28 इंचांवर हवेचा कमाल वेग सुमारे 108 मीटर प्रति सेकंद, म्हणजे दर चौरस इंचाला 146 सीएफएम. 5 मिमी लिफ्टला व्हॉल्व्हभोवतीची खिडकी π × 35.6 × 5, म्हणजे 559 चौ. मिमी, त्याचे 126 सीएफएम. बेंचवर 80 आले तर कार्यक्षमता 0.63. असा आलेख प्रत्येक लिफ्टला काढा. खालच्या लिफ्टला तो पडला तर दोष सीटमध्ये किंवा चेंबरच्या भिंतीत आहे. 7-8 मिमीच्या पुढे पडला तर पोर्टमध्ये.

एक्झॉस्ट मोजताना हवा उलट दिशेने, आणि बाहेर आखूड पाइप जोडून. शेवटी ब्युरेट आणि अॅक्रिलिकच्या पट्टीने चारही चेंबर 0.2 सीसीच्या आत जुळवा. एका सिलिंडरचं विस्थापन 318 सीसी असल्यामुळे 11.5 कॉम्प्रेशन रेशोला एकूण 30.3 सीसी जागा उरायला हवी. त्यात गॅस्केट आणि पिस्टनचा खोलगटपणाही धरा, आणि हेड घासायचं ते हा हिशेब झाल्यावरच.