आमची वाटचाल : त्या बाटल्या का फुटल्या

गेल्या महिन्यात एका नव्या ब्रूअरने, म्हणजे बिअर बनवणाऱ्याने, ओळख करून घेताना विचारलं, "बाटल्या फुटल्या होत्या त्या तुमच्याच ना?" त्या गोष्टीला नऊ वर्षं झाली. या नऊ वर्षांत आमच्याकडे एकही बाटली परत आलेली नाही, पण ते कुणाच्या लक्षात राहत नाही. फुटलेल्या तीन मात्र सगळ्यांना पाठ आहेत. म्हणून वाटचाल लिहायला बसले तेव्हाच ठरवलं, हे प्रकरण पुरतं मांडायचं. आमच्या बिअरमध्ये घाण नव्हती.

सुरुवात घरातली. मी आणि माझे धाकटे दीर. २३ लिटरची बॅच, स्टीलचं एक मोठं पातेलं, बिअर आंबवायला एक फर्मेंटर आणि तिची घनता मोजायला एक काचेचा हायड्रोमीटर. भाऊजींना स्टाउट, पोर्टर असल्या गडद बिअर, सगळंच करून बघायचं होतं. मी बिटरवर अडून बसले. बिटर म्हणजे हलकी, कडवट इंग्लिश बिअर, आमची जेमतेम पावणेचार टक्के अल्कोहोलची. तिच्यात ना भाजक्या माल्टचा (मोड आणलेल्या बार्लीचा) जोर, ना अल्कोहोलची ऊब. यीस्टला एक दिवस जास्त उष्णता लागली, हॉप्स (कडवटपणा आणि सुगंध देणारी बोंडं) शिळे निघाले, पाण्यात जिप्सम कमी पडलं, की पहिल्या घोटाला कळतं. ज्याला बिटर जमली त्याला बाकीचं जमतं, असं मी तेव्हा म्हणायचे आणि आजही म्हणते.

आमचं माप तेव्हापासून तेच. चार किलो मॅरिस ऑटर आणि अडीचशे ग्रॅम क्रिस्टल हे माल्ट, ६७ अंशांच्या पाण्यात तासभर मॅश म्हणजे भिजवण, सुरुवातीची ग्रॅव्हिटी (पाण्याच्या तुलनेत घनता, साखर आंबली की ती उतरते) १.०४०, शेवटची १.०१२. यीस्ट इंग्लिश, वर जाड साय धरणारं आणि काम संपलं की तळाला घट्ट बसणारं. हॉप्स ईस्ट केंट गोल्डिंग्ज, सगळे वापरतात तेच.

हायड्रोमीटरबद्दल इथेच सांगते, कारण पुढे सगळं त्याच्यावर येऊन ठेपणार आहे. आमच्या पहिल्या हायड्रोमीटरच्या नळीतली कागदी पट्टी सरकली होती. काचेला तडा नाही, काही नाही, नुसती पट्टी केसभर वर. तीन महिने आम्ही प्रत्येक बॅच दोन अंकांनी चुकीची मोजत होतो आणि दोष मॅशला देत होतो. भाऊजींनी एक दिवस तो २० अंशांच्या साध्या डिस्टिल्ड पाण्यात सोडला. १.००० यायला हवं होतं, आलं १.००२. तेव्हापासून दर बॅचच्या सकाळी हायड्रोमीटर आधी पाण्यात उतरतो, मगच वर्टमध्ये, म्हणजे न आंबलेल्या माल्टच्या पाण्यात. तुमच्याकडे कितीही महागाचं उपकरण असू द्या, हे करा. अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

एका वर्षी गोल्डिंग्ज मिळेनात. पुरवठादाराने त्याऐवजी ब्रॅम्लिंग क्रॉसचं पाकीट दिलं. आम्ही ते नाव फक्त यादीत वाचलेलं. पाकीट उघडून मी एक बोंड तळहातावर चोळलं. पिवळी पूड बोटांना चिकटली. गोल्डिंग्जचा वास मातीचा, मधाचा, थोडा संत्र्याच्या सालीचा. याला आधी लिंबू आलं आणि त्यामागून ब्लॅककरंट, पिकलेलं, गडद. भाऊजींनी माझा हात ओढून वास घेतला. "वहिनी, हे इंग्लिश वाटत नाही."

ते बरोबर बोलले होते. ही जात इंग्लंडमधल्या केंटच्या वाय कॉलेजात प्राध्यापक ई. एस. सॅल्मन यांनी १९२७ साली तयार केली. एका बाजूला ब्रॅम्लिंग, म्हणजे गोल्डिंग्जच्याच घराण्यातली. दुसऱ्या बाजूला कॅनडातल्या मॅनिटोबाच्या रानटी हॉपचा वंश. इंग्लंडच्या ब्रूअर्सना सुरुवातीला हा वास परका वाटला, अमेरिकन वाटला, आणि बराच काळ ही जात मागे पडली. मला ते वाचून तिच्याविषयी आपुलकीच वाटली.

हॉप्सची जात बदलली की ग्रॅमचा आकडा तसाच उचलायचा नाही. गोल्डिंग्जच्या पाकिटावर अल्फा (कडवटपणा देणाऱ्या आम्लाचं प्रमाण) ५ टक्के असायचा, या पाकिटावर ७. आम्ही तासभराच्या उकळीला ५६ ग्रॅम गोल्डिंग्ज टाकायचो, त्यातून साधारण ३० आयबीयू (कडवटपणाचं एकक) मिळत. तेच ५६ ग्रॅम याचे टाकले असते तर कडवटपणा ४२ वर गेला असता, आणि पावणेचार टक्क्यांच्या अंगाला तो पेलत नाही. ४० ग्रॅम पुरले. अल्फा दर हंगामाला बदलतो, म्हणून पुस्तकातला आकडा घेऊ नका, हातातल्या पाकिटावरचा घ्या. शेवटच्या दहा मिनिटांना वीस ग्रॅम, आणि आंबणं संपल्यावर पंचवीस ग्रॅम ड्राय हॉप, म्हणजे न उकळता थेट बिअरमध्ये. मलमलच्या पिशवीत, बुडावी म्हणून आत उकळलेले स्टीलचे नट.

ती बॅच पहिल्यांदा प्यायले ते काका. आमचे पहिले गिऱ्हाईक म्हणते मी त्यांना, जरी तेव्हा विकायचा परवाना आमच्याकडे नव्हता आणि ते फुकटच पीत होते. रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. ग्लास उजेडाकडे धरला, वास घेतला, निम्मा संपेपर्यंत अवाक्षर काढलं नाही. मग म्हणाले, "परत हीच करा. काही बदलू नका."

आम्ही परत तीच केली. पुढे परवाना आला, दोनशे लिटरचा प्लांट आला, कास्क (बिअरची पिंपं) भरून पाच बारना जाऊ लागले. चार वर्षं नीट गेली.

पाचव्या वर्षी एका दुकानाने बाटल्या मागितल्या. ३६० बाटल्या, आमच्यासाठी तोवरची सगळ्यांत मोठी ऑर्डर. बाटलीत सुगंध टिकत नाही म्हणून मी ड्राय हॉपचं प्रमाण जवळजवळ तिप्पट केलं, दोनशे लिटरला सहाशे ग्रॅम. तारीख जवळ आली होती. ग्रॅव्हिटी १.०१२ वर स्थिर होती, म्हणून टाकी १२ अंशांवर आणली, हॉप्स तीनच दिवस ठेवले, पुन्हा मोजलं, १.०१२. बाटलीत वायू व्हावा म्हणून लिटरला अडीच ग्रॅम साखर घालून बाटल्या भरल्या. दोन आठवडे आमच्या गार खोलीत ठेवल्या आणि पोचवल्या.

अठराव्या दिवशी दुकानदाराचा फोन आला. रात्रीतून तीन बाटल्या फुटल्या होत्या. बाकीच्या उघडल्या की फेस उसळून अर्धी बाटली टेबलावर. आम्ही त्याच दुपारी सगळा माल उचलला. भाऊजींनी वेल्डिंगचा चष्मा आणि चामड्याचे हातमोजे घालून एकेक क्रेट ओल्या गोणपाटाखाली आणला.

त्याच दुकानात आणखी एका ब्रूअरीचा माल असायचा. आमच्यापेक्षा मोठी, आमच्या आधीपासूनची. तिच्या मालकाने संध्याकाळपर्यंत आमच्या पाचही बारना सांगितलं की यांच्याकडे स्वच्छता नाही, टाक्यांत रानटी यीस्ट शिरलंय, कास्कसुद्धा घेऊ नका. आमच्या खोलीत त्या माणसाने कधी पाऊल ठेवलं नव्हतं. आम्हाला एक फोन करून विचारलं असतं तर मी बाटली घेऊन त्याच्या दारात गेले असते. पाचपैकी चार बारनी आमचा माल घेणं बंद केलं. कर्जाचे तीन हप्ते थकले. भाऊजींनी दिवसाची नोकरी धरली आणि रात्री ब्रूअरीत यायचे. मी घासलेल्या टाक्या पुन्हा घासत होते, कारण दुसरं काय करायचं ते सुचत नव्हतं, आणि कारण आठ दिवसांनी माझाही स्वतःवरचा विश्वास उडायला लागला होता.

काका मात्र ठरल्यासारखे शनिवारी आले. म्हणाले, "घाण आहे म्हणता, तर चव कुठे आहे तिची?"

तोवर आम्ही कुणी ती बिअर शांतपणे चाखलीच नव्हती. बादलीत धरून एक बाटली उघडली, दोन भांड्यांत वीस वेळा वरखाली ओतून वायू घालवला. आंबट नव्हती. औषधी, लवंगी वास नव्हता. किंचित लोण्यासारखा वास होता, बस. मग हायड्रोमीटर, आधी पाण्यात, १.०००. मग बिअरमध्ये. तो खाली खाली जात १.००८ वर थांबला. बाटल्या भरताना होता १.०१२. चार अंक उतरले म्हणजे साधारण दोन व्हॉल्यूम (एक व्हॉल्यूम म्हणजे बिअरच्या आकारमानाइतका) वायू जास्त, आमच्या नेहमीच्या दीडवर. बिटरच्या पातळ बाटल्या साडेतीन कुठून पेलणार?

काकांनी विचारलं, "माझ्या सहा बाटल्या कुठे आहेत?" ड्राय हॉपने नेमका काय फरक पडतो ते त्यांना चाखायचं होतं, म्हणून हॉप्स टाकण्याआधी त्याच टाकीतून सहा बाटल्या त्यांच्यासाठी वेगळ्या भरल्या होत्या. तीच टाकी, तोच पाइप, तीच साखर, त्याच धुतलेल्या बाटल्या. त्या उघडल्या. फेस बोटभर, शांत. १.०१२.

मी तिथेच स्टुलावर बसले. घाण असती तर ती या सहा बाटल्यांतही गेली असती. या सहांत नव्हते ते फक्त हॉप्स.

पुढच्या शनिवारी काका जुना शोधनिबंध वाचून आले. होरेस ब्राउन आणि हॅरिस मॉरिस या दोघांनी १८९३ मध्येच दाखवलं होतं की सुकलेल्या हॉप्समध्ये स्टार्च तोडणारं एन्झाइम असतं. मॅशनंतर उरलेली डेक्स्ट्रिन्स, म्हणजे स्टार्चचे तुकडे, यीस्टला पचत नाहीत. ड्राय हॉप टाकला की हे एन्झाइम त्यांची साखर करतं आणि निजलेलं यीस्ट पुन्हा कामाला लागतं. उकळीत टाकलेल्या हॉप्सचं एन्झाइम उष्णतेने मरतं, म्हणून ही भानगड फक्त ड्राय हॉपला. आजचे ब्रूअर याला हॉप क्रीप म्हणतात. आमचं काम थंडीत तीन दिवसांत उरकल्यामुळे हायड्रोमीटरला काही दिसलं नाही, आणि दुकानातल्या उबेत सगळं घडलं. कास्कमध्ये हॉप्स थोडे असायचे आणि वायूला वाट असायची, त्यामुळे चार वर्षं आम्हाला पत्ताच लागला नव्हता. त्या लोण्याच्या वासाचा उगमही तोच, यीस्ट अर्धवट जागं झाल्याचा.

खात्रीसाठी नमुना प्रयोगशाळेत दिला. रानटी यीस्ट नाही, बॅक्टेरिया नाही. तो कागद घेऊन मी स्वतः चारही बारमध्ये गेले. दोघांनी वाचला, दोघांनी वाचलाही नाही. त्या मालकाकडे मी टपालाने प्रत पाठवली, उत्तर आलं नाही. तीन वर्षांनी त्याने स्वतः ब्रॅम्लिंग क्रॉसची बिटर काढली आणि लेबलवर लिहिलं की या भागात ही पहिलीच. ती पहिली नव्हती. हे मी इथे लिहून ठेवते.

चूक माझी होती हेही लिहिते. हॉपच्या जातीची ओळख फक्त नाकाने करून घेतली होती. प्रमाण तिप्पट करताना आणि दिवस कमी करताना ती आत काय करेल हे विचारलं नाही.

आता आमच्याकडे प्रत्येक ड्राय हॉपच्या आधी बरणी लागते. टाकीतली अर्धा लिटर बिअर, त्याच प्रमाणात तेच हॉप्स, चमचाभर ताजं यीस्ट, आणि २५ अंशांवर पाच ते सात दिवस. शेजारी हॉप्सशिवाय दुसरी बरणी. दोन्हींतला फरक म्हणजे तुमच्या बाटलीत पुढे होणारी वायूची चढ. फरक असेल तर टाकी उबेतच ठेवायची, ग्रॅव्हिटी उतरू द्यायची, लोण्याचा वास जाऊ द्यायचा, मगच गार करायची. घरी २३ लिटर करणाऱ्यांनाही मी हेच सांगते, आणि ते म्हणतात एवढं कशाला. कराच. विशेषतः नवी जात हातात आली असेल तर.

काका आता जास्त पीत नाहीत. शनिवारी एक ग्लास, आणि दर बॅचच्या सहा बाटल्या अजून वेगळ्या भरून घेतात. या हंगामाचं पाकीट परवा आलं, अल्फा ६.१, ब्लॅककरंट गेल्या वर्षीपेक्षा दबलेलं, लिंबू पुढे. बरणीचा आज तिसरा दिवस. सकाळी भाऊजींनी मोजलं तेव्हा १.०१० होतं, शेजारची अजून १.०१२ वर आहे.