लोकरीचं कवंडळ

चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, जवळ आली की गोव्यात डिचोलीच्या आमच्या घरी माझ्या फेल्टिंगच्या सुया बाहेर निघतात. पिंजलेल्या लोकरीला सुईने टोचत टोचत घट्ट करायचं आणि त्यातून हवी ती वस्तू घडवायची, असं हे काम. मी त्यातून माटोळीची, म्हणजे गणपतीच्या वर टांगलेल्या लाकडी चौकटीला बांधतात ती फळं करते. कवंडळ नावाचं रानवेलीचं फळ, आंबाडे, तोरिंग, सुपारीचा घोस.

आमच्या गणपतीवरच्या माटोळीला मात्र ही फळं बांधायची नाहीत, हे माझं पक्कं आहे. त्या वर्षीच्या पावसाने रानात, कुळागरात म्हणजे सुपारीच्या बागेत जे पिकवलं ते देवापुढे टांगायचं, म्हणून ती माटोळी. तिथे खरं फळच हवं. लोकरीची फळं जातात माझ्या नणंदेकडे दुबईला. तिच्या मुलांना मोदक माहीत, आरत्या पाठ, पण कवंडळ त्यांनी कधी हातात घेतलेलं नाही. चवथीला त्यांना रजा मिळत नाही आणि नाताळात इकडे येतात तेव्हा माटोळीचा बाजार कुठला असायला? त्यांच्या दिवाणखान्यातल्या पडद्याच्या दांडीला ही फळं लटकतात आणि धाकटी प्रत्येकाचं नाव घेऊन दाखवते. सासूबाई तेवढ्यासाठी व्हिडिओ कॉल लावायला सांगतात.

आता कामाचं. ही सुई शिवणाच्या सुईसारखी नसते. तिला नेढं नसतं, अंग बहुधा तीनधारी असतं आणि टोकाकडच्या भागावर बारीक खाचा असतात. सुई आत जाताना त्या खाचा लोकरीचे तंतू ओढून नेतात आणि बाहेर येताना त्यांना आतच सोडतात. लोकरीच्या तंतूवर सूक्ष्म खवले असतात, त्यामुळे आत गेलेले तंतू एकमेकांत अडकून बसतात. सुयांना नंबर असतात आणि नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक. गोळा बांधायला ३६, एरवीच्या कामाला ३८, वरचं अंग गुळगुळीत करायला ४०. सुई ज्या कोनात आत गेली त्याच कोनात बाहेर काढायची. आत असताना हात तिरका झाला की टोक मोडतं आणि गोळ्यातच राहतं. लहान मुलांच्या हाती जाणाऱ्या वस्तूत असं टोक राहिलं तर तो गोळा सरळ टाकून द्यावा.

खाली टेकू म्हणून लोक फोमचा ठोकळा वापरतात. मी गोणपाटाची पिशवी शिवून त्यात उकडे तांदूळ भरलेत. सुई आरामात आत जाते, पिशवी टिकते आणि फोमचे कण लोकरीला चिकटत नाहीत.

लोकर घेताना डोळे उघडे ठेवा. विणकामाच्या दुकानात ‘लोकर’ म्हणून जे गुंडे मिळतात त्यातले बरेचसे ॲक्रिलिकचे असतात आणि त्यांना खवले नसतात. शंका आली तर एक धागा जाळून बघा. खरी लोकर केस जळल्यासारखी वास मारते आणि तिची राख बोटांनी चुरते. ॲक्रिलिक वितळून त्याचा कडक मणी होतो. आतल्या गाभ्याला पिंजलेली पांढरी लोकर घ्यावी, तिचे तंतू आडवेतिडवे असल्याने गोळा लवकर धरतो. वरून रंगाला मेरिनो मेंढीच्या विंचरलेल्या लोकरीचा लांब पेळू, म्हणजे न कातलेली सैल वळी. बेळगाव-कोल्हापूरकडची दख्खनी मेंढीची काळी लोकर घोंगडीला उत्तम, पण नारिंगी फळाच्या पोटात घातली तर काळे केस वर डोकावतात.

कवंडळ मला सगळ्यांत प्रिय. पिकलं की लालभडक होतं आणि अंगावर देठापासून खाली उतरणारे नारिंगी पट्टे असतात. मूठभर लोकर घट्ट गुंडाळून टोचत गेलं की लिंबाएवढा गोळा उरतो, तेव्हा सुरुवातीला हात सढळ ठेवावा. गोळा सगळीकडून फिरवत टोचायचा, एकाच बाजूने टोचला तर तिथे चपटा होतो. अंगठ्याने दाबल्यावर खळगा पडेनासा झाला की गाभा झाला. मग रंग. लाल आणि थोडा गडद केशरी पेळू एकत्र धरून ओढायचे, परत एकावर एक ठेवायचे, परत ओढायचे. रंग पूर्ण एकजीव होण्याआधीच थांबते मी, कारण खऱ्या फळाच्या सालीवरही एकसारखा रंग कुठे असतो? पट्ट्यांसाठी चार-पाच तंतूंची बट घेऊन ती ४० नंबरच्या सुईने देठाकडून खाली बसवत न्यायची. पट्टा मध्येच तुटक, कडेला पुसट हवा. रेघ सरळ आली की ते फळ दुकानातल्या प्लास्टिकच्या खेळण्यासारखं दिसायला लागतं. देठाला केवणीच्या, म्हणजे एका रानझुडपाच्या सालीच्या, दोराचा तुकडा. खरी माटोळी त्याच दोराने बांधतात, म्हणून एवढं तरी इथलं जावं असं मला वाटतं.

गोव्याच्या हवेत लोकर सांभाळणं हे वेगळंच प्रकरण. स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्शाइतकी ओल लोकर शोषते आणि तरी हाताला कोरडीच लागते, त्यामुळे पावसात ती ओली आहे हे कळतच नाही. वर कसरीचं भय आहेच. उडणारा पतंग लोकर खात नाही, खाते ती त्याची अळी. नवी लोकर आली की मी ती पिशवीत बंद करून आठवडाभर फ्रीझरमध्ये उणे १८ अंशांवर ठेवते, मगच डब्यात. ऑक्टोबरचं ऊन पडलं की सगळं बाहेर काढून झटकायचं.

यंदा निरफणस घेतलाय करायला. त्याच्या सालीवरचे ते बारीक षटकोन कसे उठवायचे यावर अजून हात बसत नाहीये. गाभ्यावर हिरवी लोकर चढवून मग सुईने खोल रेघा पाडत जावं की एकेक उंचवटा वरून चढवावा? उंचवटे चढवलेला नमुना बघून सासूबाई म्हणाल्या, हा तर कापा फणस. तेव्हा आता खोल रेघांचा करते आहे, आणि शेजारी बाजारातून आणलेला खरा निरफणस ठेवलाय, त्याच्या कापा तळायच्या आत काम उरकायला हवं.