झेलमला बसवून आलो

आज फौजी दोस्ताला जम्मूच्या झेलम एक्सप्रेसमध्ये बसवून आलो. सुट्टी शिल्लक होती, पण युनिटमधून फोन आला आणि साहेब निघाले. तिकीट वेटिंगवर. पाकिस्तानशी तणाव, त्यामुळे तिकडचे विमानतळ बंद होते, मग दुसरा इलाज काय? वहिनींनी शेंगदाण्याची चटणी दिलेली. झाकण सैल म्हणून दोन रबर लावले, तरी तेल पिशवीला लागलंच. "जम्मूपर्यंत सगळा डबा मला शिव्या घालणार," म्हणून हा हसतोय!

स्टेशनबाहेर आमच्या भागातल्या एका नेत्याचा फ्लेक्स. 'वीर जवानांना सलाम', मध्ये नेत्याचा हात जोडलेला भलामोठा फोटो, कडेनं कार्यकर्त्यांची मुंडकी. जवान कुठे? कोपऱ्यात, पासपोर्ट साइझ. परवा 6 मे 2025 ला सुप्रीम कोर्टानं स्थानिक निवडणुका चार महिन्यांत घ्या म्हटलं, तेव्हापासून देशप्रेमाला नुसता ऊत आलाय.

काश्मीरात पहलगामला 22 एप्रिलला अतिरेक्यांनी 26 माणसं मारली, त्यात 6 आपल्या महाराष्ट्रातली. त्यावर लष्करी कारवाई व्हायलाच हवी होती, त्यात वाद नाही. पण पर्यटक भरलेल्या त्या पठारावर बंदोबस्त का नव्हता, याची जबाबदारी कुणी घेतली? 24 एप्रिलच्या सर्वपक्षीय बैठकीला पंतप्रधान नव्हते. त्या दिवशी बिहारमध्ये सभा मात्र झाली.

दोस्ताचा धाकटा भाऊ अग्निवीर, म्हणजे चार वर्षांपुरता भरती झालेला जवान. चार वर्षांनी शंभरातले जास्तीत जास्त पंचवीस कायम, बाकीच्यांनी घरी यायचं, पेन्शन नाही. सीमेवर मात्र तोही आहेच.

मी तावातावानं हे सगळं बोलत होतो. तो म्हणाला, "तू फेसबुकवर लिही रे, मला आधी टीसी गाठू दे."