डब्यातला वापसा

फेब्रुवारीतला शनिवार होता. विद्यापीठाच्या तंत्रज्ञान मेळ्यात मला परीक्षक म्हणून बोलावलं होतं. मी बीएस्सीच्या मुलांना इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो. अशा ठिकाणी एरवी जातो तो मुलांच्या बाजूने. थर्माकोल, सोल्डरिंग गन, जादा वायरी आणि फेव्हिक्विकची ट्यूब पिशवीत घालून. 2006 साली ‘आविष्कार’ संशोधन स्पर्धा सुरू झाली तेव्हापासून आमच्या कॉलेजची मुलं तिथे जातात, त्यामुळे परीक्षक टेबलाजवळ आला की मुलांच्या तोंडचं पाणी कसं पळतं ते मला चांगलं ठाऊक आहे. या वेळी टेबलाच्या पलीकडच्या बाजूला मी होतो.

हॉल गच्च भरला होता. अध्यापनाच्या विभागात एका प्राध्यापकांनी मोबाइलमधल्या सेन्सरवर लंबकाचा प्रयोग बसवला होता. फोनच दोरीला टांगलेला, आणि समोरच्या पडद्यावर त्वरणाचा आलेख उमटतोय. शेजारच्या टेबलावर दिल्लीच्या इंटर युनिव्हर्सिटी ॲक्सिलरेटर सेंटरमध्ये तयार झालेला ‘एक्सपाइज’ हा छोटा डबा लॅपटॉपला जोडलेला होता. ऑसिलोस्कोप विकत घेणं ज्या कॉलेजांना परवडत नाही, तिथल्या मुलांना तरंग डोळ्यांनी बघता येतो तो या डब्यामुळे. मला तिथेच थांबायचं होतं, पण माझ्याकडे शेती आणि पर्यावरणाचा विभाग होता. 26 प्रकल्प, तीन परीक्षक, वेळ दुपारी दोनपर्यंत.

26 पैकी नऊ प्रकल्प ‘स्मार्ट सिंचन’चे निघाले. रचना सगळीकडे तीच. दोन पायांचा, काट्याच्या चमच्यासारखा दिसणारा ओलावा सेन्सर, त्याला जोडलेला आर्डुइनो हा छोटा संगणकी बोर्ड, पुढे मोटर चालू-बंद करणारा रिले आणि छोटी मोटर. मुलं प्रोब, म्हणजे सेन्सरचे ते दोन पाय, हवेत धरतात, मोटर फिरते. मग नळाच्या पाण्याच्या ग्लासात बुडवतात, मोटर थांबते. आपण मान डोलावतो आणि ‘मॉडेल कार्यरत’ या रकान्यात 30 पैकी 24-25 गुण लिहितो. मीही सकाळपासून पाच ठिकाणी तेच केलं होतं.

सहाव्या टेबलावर बीएस्सी दुसऱ्या वर्षाची एक मुलगी एकटीच उभी होती. मंगळवेढ्याकडच्या एका खेड्यातली. टेबलावर मोटर नव्हती, दिवे नव्हते. मातीचे दोन ट्रे, एक स्टीलचा डबा, 200 पानी वही, ग्लास, मिठाची पुडी आणि गॅरेजमध्ये मिळते तशी बॅटरीच्या पाण्याची बाटली. पोस्टर हाताने लिहिलेलं.

“काय बनवलंयस?” मी विचारलं.

“सर, बनवलं होतं. पण हे यंत्र आमच्या रानात चुकतं. कुठं कुठं चुकतं ते मांडलंय.”

माझ्यासोबतच्या सरांनी घड्याळाकडे बघितलं. तिने ग्लासात बॅटरीचं पाणी ओतलं आणि प्रोब त्यात बुडवला. हा आर्डुइनो 0 ते 1023 असा आकडा देतो आणि तिच्या जोडणीत 1023 म्हणजे ठार कोरडं. पाण्यात पूर्ण बुडालेला प्रोब दाखवत होता 968.

“पाण्यात आहे, तरी कोरडं म्हणतोय,” ती म्हणाली. मग चिमूटभर मीठ टाकून चमच्याने ढवळलं. आकडा धडाधड 290 वर आला.

त्यामागचं विज्ञान मला माहीत नव्हतं असं नाही. हा सेन्सर दोन पायांमधून वीज किती सहज जाते तेवढंच मोजतो. बॅटरीचं पाणी ऊर्ध्वपातित असतं, त्यात क्षार जवळजवळ नसतात, म्हणून वीज वाहत नाही. मीठ टाकलं की वाहते. वर्गात विद्युतवाहकता शिकवताना हे मी दरवर्षी सांगतो. पण तेच शेतात गेल्यावर काय होतं, ते मला त्या टेबलावर कळलं.

त्यांच्या घरची जमीन दोन प्रकारची. मुरमाड तुकड्यात डाळिंब आहे, ठिबकवर. आणि खाली काळं रान आहे, तिथे पावसाच्या ओलीवर येणारी रब्बीची ज्वारी. तिने दोन्हीकडे प्रोब लावले. डाळिंबात काही दिवस आकडे बरे येत होते. मग वडिलांनी ठिबकमधून 19:19:19 हे विद्राव्य खत सोडलं. दुसऱ्या दिवसापासून यंत्र म्हणायला लागलं, रान ओलं आहे, पाणी नको. झाडाखालची माती हातात घेतली तर भुसभुशीत कोरडी. खताचे क्षार मातीत उतरले होते आणि यंत्र त्यांनाच पाणी समजत होतं. मोटर त्याच्या भरवशावर सोडली असती तर ऐन फळधारणेत बाग ताणावर गेली असती.

काळ्या रानातली गोष्ट उलटी. काळी माती ओली झाली की फुगते, वाळायला लागली की आकसते आणि भेगाळते. जानेवारीत एक भेग नेमकी प्रोबच्या पायाजवळून गेली. पायाला माती टेकेचना, मधे हवा. आकडा 940. तिने तोच प्रोब चार बोटं बाजूला खोचला तर 610. एकच रान, एकच सकाळ.

“मग खरं काय ते कसं ठरवलंस?”

ती म्हणाली, “ओव्हनमध्ये.”

दर रविवारी ती वीतभर खोलीवरची माती डब्यात बंद करून आणायची आणि सोमवारी कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत तिचं वजन करायची. मग 105 अंशांवर 24 तास ओव्हनमध्ये ठेवून पुन्हा वजन. कमी झालेलं वजन भागिले कोरड्या मातीचं वजन, गुणिले 100. मातीतलं पाणी मोजण्याची सगळ्यांत जुनी आणि आजही बाकीच्या पद्धती जिच्याशी ताडून बघतात ती हीच पद्धत. प्रयोगशाळेतल्या मामांनी ओव्हन वापरू दिला, म्हणून पोस्टरच्या तळाशी मार्गदर्शकांच्या नावासोबत मामांचंही नाव होतं.

मी वही हातात घेतली. ऑक्टोबरपासूनच्या नोंदी होत्या. तारीख, यंत्राचा आकडा, ओव्हनचा टक्का आणि चौथा रकाना ‘पप्पा’. त्या रकान्यात शब्द होते. ‘चिखल’, ‘वापसा’, ‘वापसा उडाला’, ‘तळाला ओल’.

वापसा म्हणजे वाफसा. त्यांच्याकडे वापसाच म्हणतात. पाऊस पडून गेल्यावर जादा पाणी निचरून जातं, मातीच्या कणांमध्ये पाणीही असतं आणि हवाही खेळते, त्या अवस्थेला हा शब्द आहे. चाडं धरायचं, म्हणजे पेरायचं, ते वापशावर. त्याआधी रानात पाऊल टाकलं तर माती तुडवली जाते, नंतर टाकलं तर बी उगवत नाही. तिचे वडील मूठभर माती घेऊन दाबतात, गोळा होतो. तो कमरेएवढ्या उंचीवरून सोडला आणि फुटून मोकळा झाला तर वापसा. चपटा होऊन बसला तर अजून थांबायचं.

तिने काळ्या रानातल्या नोंदींचा आलेख काढला होता. वडिलांनी ज्या ज्या दिवशी ‘वापसा’ म्हटलं, त्या दिवसांचे ओव्हनचे टक्के 31 ते 34 मध्ये बसत होते. त्याच दिवसांचे यंत्राचे आकडे 380 पासून 720 पर्यंत पसरलेले.

इतका शुद्ध प्रयोग मी पदवीच्या पातळीवर क्वचित बघितला आहे. मोजमापाचं साधन, त्याला पडताळणारं दुसरं साधन आणि तिसरं म्हणजे ज्याच्यासाठी हे सगळं चाललंय त्या माणसाचा हात. तिन्ही एका पानावर, तारखेनिशी.

शेवटी तिने पहिला प्रोब दाखवला. एक पाय जवळजवळ नुसता हिरवट पट्टीसारखा उरला होता, वरचं तांबं खाऊन गेलेलं. “आठवड्यात असा झाला.” एकाच दिशेने सतत वीज सोडली की धन बाजूचा धातू ओल्या मातीत विरघळत जातो. हे लक्षात आल्यावर तिने दुसऱ्या प्रोबला फक्त रीडिंग घेण्यापुरती वीज दिली, तासातून एकदा. तो अजून शाबूत होता.

गुण देताना आमची तिघांची चर्चा झाली. गुणपत्रिकेत नावीन्य, मांडणी, कार्यरत मॉडेल, उपयुक्तता असे चार रकाने. नोंदींसाठी रकानाच नव्हता. सोबतचे सर म्हणाले, “मॉडेल चालायला हवं ना? तीच सांगतेय, चुकतंय म्हणून.” त्यांचंही नियमाला धरून बरोबर होतं. मी म्हटलं, उरलेल्या आठ जणांचंही हेच चुकतंय, त्यांनी ग्लासाबाहेर बघितलं नाही एवढंच. तिसऱ्या मॅडमना पटलं, त्यांनी उपयुक्ततेचे गुण वाढवले. तरी बेरीज करता ती पाचवी आली. पहिलं बक्षीस सौरऊर्जेवर चालणाऱ्या फवारणी पंपाला गेलं, आणि तो पंप खरोखर चांगला होता. मी सही केली आणि खाली शेरा लिहिला: पुढच्या वर्षीपासून ‘नोंदी व पडताळणी’साठी स्वतंत्र गुण ठेवावेत. त्याचं काय होईल ते होईल, पण पुढच्या वर्षी बोलावलं तर हे मी आधी विचारणार आहे.

संध्याकाळी ती सामान आवरत होती तेव्हा मुद्दाम गेलो. निकाल तिला कळला होता. त्याबद्दल ती काही बोलली नाही. तिने विचारलं, “सर, विजेशिवाय मोजता येतं का? क्षारांनी फरक पडणार नाही असं?”

मी तिला टेन्सिओमीटरबद्दल सांगितलं. पाण्याने भरलेली नळी, टोकाला सच्छिद्र चिनीमातीची वाटी. माती जितकी कोरडी, तितक्या जोराने ती वाटीतून पाणी ओढते, आणि ती ओढ वरच्या घड्याळासारख्या तबकडीवर दिसते. वीज नाही, विरघळलेल्या क्षारांचा गोंधळ नाही.

ती जरा थांबली. “पण भेग पडली की त्याचीपण माती सुटणार ना, सर?”

सुटणार. मी तसं सांगितलं. काळ्या रानात भेगांचं काय करायचं याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, तेही सांगितलं. तिने ते वहीत लिहून घेतलं आणि स्टीलचा डबा माझ्या हातात दिला. परवा हरभऱ्याच्या वाफ्यातून काढलेली माती होती, गुरुवारी वडिलांनी हाताने बघून ‘वापसा’ म्हटलेली. झाकणाला कडेने चिकटपट्टी लावलेली. “तुमच्या ओव्हनमध्ये बघा, सर. आमचा काटा जुना आहे.”

परतीच्या एसटीत तो डबा मांडीवर होता आणि मला माझी प्रात्यक्षिकाची पुस्तिका आठवत होती. प्रयोग क्रमांक 7, ओलावा सेन्सर. ‘ग्लासात पाणी घ्या. प्रोब बुडवा. आकडा नोंदवा.’ हे वाक्य मी लिहिलेलं आहे. त्या नऊ प्रकल्पांतल्या दोघांच्या कॉलेजात माझीच पुस्तिका वापरतात. मुलांनी ग्लासाबाहेर बघितलं नाही, कारण बघायला मी सांगितलंच नव्हतं.

सोमवारी आमच्या शिपाईमामांना गॅरेजमधून बॅटरीचं पाणी आणायला पाठवलं. दुसऱ्या वर्षाच्या प्रात्यक्षिकाला डबा उघडला, अर्धी माती मुलांच्या हातात दिली आणि गोळा करून खाली सोडायला लावली. बहुतेकांचा फुटला. शेतकऱ्यांच्या घरची तीन-चार मुलं होती, ती आकड्याची वाट न बघता एकदम म्हणाली, वाफसा.

उरलेली माती काट्यावर ठेवली. 142.6 ग्रॅम. ओव्हनमध्ये 105 अंशांवर ठेवून दार लावलं. मंगळवारी सकाळी मुलांसमोर काढून थंड केली आणि पुन्हा वजन केलं. 108.1. फळ्यावर एका मुलाने भागाकार केला, 31.9 टक्के.

पुस्तिकेतलं प्रयोग क्रमांक 7 चं पान फाडून मी नवीन लिहायला घेतलं. चार रकाने आखले. चौथ्या रकान्याचं नाव ‘हात’ ठेवलं.