कापणीयंत्रवाल्यांची मोटार

आमच्या घरचा बी-२७५ ट्रॅक्टर अण्णा शेवटपर्यंत ‘इंटरनॅशनल’च म्हणायचे. नाव बरोबरच होतं. महिंद्रा, व्होल्टास आणि अमेरिकेची इंटरनॅशनल हार्वेस्टर यांनी १९६३ मध्ये मिळून कंपनी काढली, तिचा तो ट्रॅक्टर. ही इंटरनॅशनल मुळात कोण, हे शोधताना तिच्याच १९०७ च्या मोटारीचा फोटो सापडला आणि मी त्यात अडकलो. ट्रॅक्टरवाल्यांनी मोटारही केली होती!

‘ऑटो बग्गी’ तिचं नाव. दोन सिलिंडरचं, हवेवर थंड होणारं इंजिन, भरीव रबराच्या धावा आणि घोडागाडीसारखी उंच चाकं. शहरातल्या माणसाला ती चाकं जुनाट वाटली असतील. पण पावसाळ्यात पाणंदीतून गाडी काढलेल्या माणसाला विचारा. चाकोरीत चाक उतरलं की पोट टेकतं, मग पुढं ना मागं. अमेरिकेतले खेड्यातले रस्ते तेव्हा असेच चिखलाचे होते, आणि ते या कंपनीला पाठ होते.

कारण तिची मुळं शेताच्या बांधावर होती. सायरस मॅकॉर्मिकनं कापणीयंत्राचं पेटंट १८३४ मध्ये घेतलं, १८४७ मध्ये शिकागोत कारखाना काढला. यंत्र त्यानं हप्त्यानं दिलं, लेखी हमी दिली, गावोगाव एजंट नेमले. १९०२ मध्ये मॅकॉर्मिक, डिअरिंग आणि आणखी तीन कंपन्या एक होऊन इंटरनॅशनल हार्वेस्टर झाली, तेव्हा या एजंटांची दुकानं तयारच होती. त्याच दुकानात कापणीयंत्राशेजारी बग्गी उभी राहिली.

माझ्या मते इंजिनापेक्षा हे मोठं. काहीही घ्यायचं झालं की अण्णांचा पहिला प्रश्न असायचा, “पार्ट कुठं मिळतो?” एका हंगामात ऊस तोडून पडला होता आणि पंपाच्या एका पार्टसाठी आमचा ट्रॅक्टर नऊ दिवस उभा होता. ते नऊ दिवस मी विसरलेलो नाही. ओळखीचा दुकानदार मोटार विकतोय म्हटल्यावर तिकडच्या शेतकऱ्याला केवढा धीर आला असेल!

ही एकटीच कंपनी नव्हे. मळणीयंत्रं करणाऱ्या जे. आय. केसच्या मोटारी १९११ च्या पहिल्या इंडियानापोलिस ५०० शर्यतीत धावल्या. नांगरवाल्या जॉन डिअरचा नातू विलर्ड वेली यानंही मोलीनमध्ये मोटारी काढल्या. आणि हेन्री फोर्ड! लहानपणी वडिलांबरोबर घोडागाडीतून जाताना त्याला रस्त्यावर स्वतःच्या बळावर चालणारं वाफेचं इंजिन दिसलं. मळणीयंत्रं आणि लाकडाच्या करवती चालवायला ते शेतोशेती फिरायचं. वडिलांना कळायच्या आत पोरगा उडी मारून इंजिनवाल्याशी बोलत उभा. आपण मोटारीकडे वळलो ते त्या इंजिनामुळे, असं त्यानंच सांगितलंय.

बग्गीची मागची सीट काढता यायची. तिथं माल भरायचा. त्यातूनच १९०९ मध्ये ‘ऑटो वॅगन’ आली. प्रवासी मोटार इंटरनॅशनलनं लवकरच सोडली, पण ट्रक पुढं कित्येक दशकं केले.

परवा गावी गेलो तेव्हा गोठ्यामागं टेकून ठेवलेलं बैलगाडीचं जुनं चाक टेपनं मोजलं. ५२ इंच भरलं. बग्गीचं मागचं चाक ४४ इंचांचं होतं.